फुकट टपालाचे अर्थकारण

मुलुंडच्या चेकनाक्यावर ३० जून २०१७ पर्यंत मुंबई महापालिकेची जकात वसूल होत असे. ठाण्याकडून आलेले मालट्रक तेथे रांगेत थांबत, कागद दाखवत, पैसे भरत आणि शहरात शिरत. पैसे भरताना दिसे तो व्यापाऱ्याचा माणूस. परंतु व्यापारी काही धर्मादाय संस्था चालवीत नव्हता. त्याने भरलेली रक्कम मालाच्या किमतीत चढे आणि शेवटी नाक्याच्या अलीकडच्या एखाद्या वस्तीत राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई साबणाची वडी घेताना ती चुकती करी. तिला पावती मिळत नसे. आपण जकात भरतो हे तिच्या गावीही नसे. पुढे वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. पण न दिसणारी आणखी एक जकात त्या वडीवर पूर्वीही होती आणि आजही आहे. ती म्हणजे जाहिरातीचा खर्च. या जकातीवरच एक फार मोठा फुकट व्यवहार उभा राहिला आहे: फुकट ई-मेल, संकेतस्थळासाठी फुकट जागा, फुकट साठवण.

हा विषय संगणकवाल्यांचा आहे, चळवळीचा नाही, असे कोणी म्हणेल. वास्तविक गेल्या पंचवीस वर्षांत आपली निवेदने, पत्रके, बैठकांची इतिवृत्ते, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची प्रकरणे, कवींची हस्तलिखिते असे सर्व काही या फुकट पेट्यांत जाऊन बसले आहे. ज्या पेटीत आपण आपले कागद ठेवतो ती कोणाची, तिचे भाडे कोण भरतो आणि त्या बदल्यात काय नेतो, हे ठाऊक असलेले बरे.

प्रथम टपालाकडे पाहू. साधे पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळते आणि ते पोहोचवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. हा तोटा टपाल खाते, म्हणजे आपण सारे नागरिक, सोसतो. पत्र ही गरिबाची गरज आहे, असे गृहीत धरून सरकारने केलेली ती व्यवस्था आहे. २००२ साली टपाल खात्याने ‘मेघदूत’ नावाचे पोस्टकार्ड काढले. त्याची किंमत पंचवीस पैसे, म्हणजे निम्मी. पत्त्याच्या बाजूला डावीकडची जागा जाहिरातदाराला विकलेली. उरलेला भार जाहिरातदाराने उचलायचा. पत्राला जाहिरात चिकटवून टपाल स्वस्त करण्याचा हा आपल्या देशातील सरकारी प्रयोग. यात एक मर्यादा मात्र पाळलेली होती. मजकुराची बाजू कोरी, पाठवणाऱ्याची. पत्त्याखाली साबण असो की बँक, आईला लिहिलेल्या चार ओळींत कोणी शिरत नव्हते. शिवाय साधे कार्डही त्याच खिडकीवर मिळत होते. ज्याला जाहिरात नको त्याने पंचवीस पैसे जास्त द्यावेत, इतका तो सरळ सौदा होता.

आता ई-मेलचे पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले तेव्हा ई-मेलचा पत्ता वर्गणीबरोबर मिळे. वर्गणी संपली की पत्ता संपला. ज्याच्या घरी टेलिफोन आणि संगणक, त्यालाच पत्ता. आपल्या वस्त्यांतून त्या काळी या दोन वस्तू किती घरांत होत्या, हे सांगायला नको.

४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी अमेरिकेत हॉटमेल सुरू केले. पत्ता फुकट; कोणत्याही संगणकावरून, कोठूनही उघडावा. खर्च भागवायचा तो जाहिरातीतून. येथे दोन प्रकारच्या जाहिराती वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण त्यांचा नेहमी घोळ होतो. पहिली, आपण पेटी उघडली की वर दिसणारा चित्राचा पट्टा. संगणकाच्या पडद्यावरील या पट्ट्याची प्रथा १९९४ च्या ऑक्टोबरात ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने पाडली. दुसरी, आपण पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या शेपटीला आपोआप चिकटणारी ओळ: तुम्हीही हॉटमेलवर फुकट पत्ता घ्या, अशा अर्थाची. ही शेपटी जोडण्याची सूचना कंपनीत पैसा घालणाऱ्या टिम ड्रेपर यांची. पहिल्या जाहिरातीतून पैसा येई. दुसरीतून माणसे येत. प्रत्येक पत्रलेखक नकळत कंपनीचा बिनपगारी प्रचारक झाला. दीड वर्षात १ कोटी २० लाख खाती उघडली गेली आणि प्रचारावर कंपनीचे पाच लाख डॉलरही खर्च झाले नाहीत. भारतात तर एक पैसाही प्रचारावर न घालता हॉटमेल सर्वांत मोठी ई-मेल सेवा झाली, असे तिच्या भांडवलदारांनीच अभिमानाने लिहून ठेवले आहे. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती सुमारे ४० कोटी डॉलरला विकत घेतली. त्या किमतीत आपल्याकडच्या पत्रलेखकांची मजुरी होती. मात्र मस्टरवर नाव कोणाचेच नव्हते.

पट्ट्याच्या जाहिरातीचा हिशेब हजारी दराने होतो. हजार वेळा पट्टा दिसला की अमुक रुपये. समजा दर हजारी पन्नास रुपये आहे. एका विद्यार्थ्याने महिन्यात वीस वेळा पेटी उघडली आणि दर वेळी तीन पट्टे पाहिले, तर साठ दर्शने झाली. म्हणजे त्या विद्यार्थ्यापासून कंपनीला महिन्याला तीन रुपये मिळाले. या तीन रुपयांत यंत्रे, वीज, नोकरवर्ग आणि नफा बसवायचा. म्हणून दोन गोष्टी अटळ झाल्या. खातेदार कोट्यवधी हवेत, आणि प्रत्येकाला दिलेली जागा चिमूटभर हवी. हॉटमेलची फुकट पेटी बरीच वर्षे दोन मेगाबाइटची होती. एखादे मोठे छायाचित्र आले की ती भरे आणि पुढची पत्रे परत जात. तीस दिवस पेटी उघडली नाही तर आतला मजकूर पुसला जाई. मे महिन्याच्या सुट्टीत वसतिगृह सोडून गावी गेलेला विद्यार्थी जूनमध्ये परत येई तो रिकाम्या पेटीकडे. जाहिरात न पाहणाऱ्याचे कागद सांभाळण्यात कंपनीला रस असण्याचे कारणच नव्हते.

शिवाय हे फुकट तेव्हा तरी फुकट नव्हते. मुलुंड स्टेशनच्या दोन्ही बाजूंना नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सायबर कॅफे निघाले. तेथे तासाचे पैसे मोजावे लागत. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम तीन-साडेतीन किलोबाइट येत. दहा-बारा किलोबाइटचा एक पट्टा उतरायला तीन-चार सेकंद लागत, आणि तीच तार पाच-सहा यंत्रांनी वाटून घेतली असेल तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे जाहिरात पाहायची, आणि ती उतरेपर्यंतच्या वेळाचे भाडेही आपणच द्यायचे. बसमध्ये चिकटवलेल्या जाहिरातीसाठी कंडक्टर जादा तिकीट मागत नाही. येथे मागत होता.

आता आपल्या मुंबईतील उदाहरण. जाहिरात आणि फुकट ई-मेल यांचे नाते त्याच्याइतके उघड दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९७३ साली स्थापन झालेल्या रेडिफ्यूजन या जाहिरातसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक अजित बालकृष्णन. त्यांनीच १९९६ साली रेडिफ सुरू केले. कंपनीच्या नावातच जाहिरातसंस्थेचे नाव आहे. माहीमच्या कचेरीतून चालणाऱ्या या कंपनीची रेडिफमेल ही सेवा लक्षावधी भारतीयांचा पहिला ई-मेल पत्ता ठरली. नोकरीच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर, संस्थेच्या लेटरहेडवर तो पत्ता छापला गेला. जून २००० मध्ये कंपनीचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात गेले. पाठोपाठ तेथील तेजी ओसरली आणि जाहिरातींचे दर कोसळले. २००१ साली रेडिफने अमेरिकेत निघणारे ‘इंडिया अब्रॉड’ हे भारतीयांचे साप्ताहिक विकत घेतले. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हजारी दर हा पाहणाऱ्याच्या खिशावर ठरतो. न्यू जर्सीतल्या भारतीयाचा डोळा महाग, मुलुंडच्या चाळीतल्या मुलाचा स्वस्त आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी बसलेल्याचा त्याहून स्वस्त. जाहिरातीवर चालणारी सेवा सर्वांना सारखीच फुकट असते, पण ती ज्यांच्या सोयीने घडते ते खरेदीची ताकद असणारे लोक असतात.

याचा पुरावा भाषेत सापडतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीत ई-मेल पाठवणे म्हणजे दिव्य होते. शिवाजी, किरण असे निरनिराळे फॉन्ट. पाठवणाऱ्याकडचा फॉन्ट घेणाऱ्याकडे नसला की पत्र म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा. मराठी मजकूर वाचता येत नसे. खालची इंग्रजी जाहिरात मात्र स्वच्छ उमटे. म्हणून आपल्यातल्या अनेकांनी ‘जय भीम’सुद्धा रोमन लिपीत लिहिण्याची सवय लावून घेतली. त्या सवयीचे अवशेष अजून गेलेले नाहीत.

पण मला सर्वांत बोचते ते वेगळेच. या शतकाच्या पहिल्या दशकात याहूच्या भारतीय सेवेवरून गेलेल्या पत्रांच्या शेपटीला विवाहजुळणीची ओळ लागत असे आणि तिचा दुवा शादी डॉट कॉमकडे जाई. रेडिफच्या पत्रांखाली रेडिफ मॅचमेकरची ओळ येई. विवाहजुळणीच्या अशा संकेतस्थळांवर जात हा रकाना असतो आणि जातीनुसार स्थळे चाळून घेता येतात. आता विचार करा. एखाद्या कार्यकर्त्याने अत्याचाराच्या घटनेचे निवेदन जिल्हाधिकाऱ्याला पाठवले, किंवा एखाद्या विद्यार्थिनीने ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वरचा आपला निबंध मैत्रिणीला पाठवला. आंतरजातीय विवाह हाच जातिनाशाचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ज्या ग्रंथात मांडले त्यावरचा निबंध. आणि त्याच्या तळाशी, तिच्या सहीखाली, जातीच्या चाळणीने नवरा शोधून देणाऱ्या दुकानाची पाटी. तिने ती लावली नव्हती. पाठवताना तिला ती दिसलीही नसेल, कारण शेपटी पत्र निघताना जोडली जाई. मेघदूत कार्डावरची जाहिरात निदान कार्ड विकत घेतानाच दिसत होती. येथे सही आपली आणि तिच्याखालची ओळ दुसऱ्याची, असा प्रकार.

याची तुलना फुकट वह्यांशी करून पाहावी. जून महिना उजाडला की वस्त्यावस्त्यांतून वह्यावाटपाचे कार्यक्रम होतात. वहीच्या मुखपृष्ठावर नगरसेवकाचा किंवा इच्छुकाचा हसरा फोटो. ही जाहिरातच आहे आणि मुलांनाही ते कळते. हुशार मुले त्यावर वर्तमानपत्राचे कव्हर घालतात. परंतु आतली पाने मुलाची असतात. गणिताच्या उत्तराखाली नगरसेवकाचे नाव आपोआप उमटत नाही.

इतके असूनही जाहिरात वाईट, म्हणून फुकट ई-मेल वाईट, असा निष्कर्ष मी काढणार नाही. तो सोवळेपणा आपल्याला परवडणारा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. बाबासाहेबांनी हे पुढे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे जाहिरात विकत घेण्याचा हक्कसुद्धा जातीने अडवला होता. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. १९२७ साली निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब बिनमोबदला स्वतः लिहून काढीत आणि तरी वर्गणीदारांच्या उदासीनतेमुळे तो पाक्षिक कर्जात गेला. ज्यांनी हा इतिहास वाचला आहे त्यांना हे पटेल, की जात न विचारता, ओळखपत्र न मागता, अनामत न घेता पत्ता आणि जागा देणारी व्यवस्था ही लहान गोष्ट नव्हती. नागपूर, औरंगाबाद, मुंबई येथली मुले लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या आंबेडकरी मंडळींशी प्रथम बोलली ती याच फुकट पेट्यांतून. १९४३ साली पुण्याच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी वृत्तपत्रांचा व्यवसाय साबण करण्याच्या धंद्यासारखा झाल्याची टीका केली होती. साबणवाल्याच्या पैशावर चाललेल्या टपालाने आपले आवाज पोहोचवले, हाही इतिहासाचाच भाग आहे.

खरा प्रश्न मालकीचा आहे. त्यासाठी जिओसिटीजचे उदाहरण पुरेसे आहे. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या सेवेने कोणालाही संकेतस्थळासाठी फुकट जागा दिली. सगळी रचना वस्त्यांची होती. वस्तीला नाव, पानाला घरनंबर. लोकांनी आपापली घरे बांधली. मग १९९७ पासून पानांवर जाहिराती आल्या आणि १९९८ मध्ये प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का तरंगू लागला. १९९९ साली याहूने ३५७ कोटी डॉलर मूल्याचे समभाग देऊन ही सारी वसाहत घेतली आणि लगेच नव्या अटी काढल्या, की पानांवरील मजकुरावर हक्क आमचा. लोकांनी ओरड केली तेव्हा अट काही दिवसांतच मागे घेतली गेली. जाहिरातीचे उत्पन्न पुरेनासे झाले, तेव्हा २६ ऑक्टोबर २००९ रोजी कंपनीने सगळी वसाहत पाडून टाकली. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत जमेल तितकी पाने उतरवून घेतली म्हणून ती उरली. याहू ग्रुप्सचेही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये तेथला साठलेला मजकूर काढून टाकण्यात आला आणि वर्षभराने सेवाच बंद झाली. तेथे कित्येक आंबेडकरी आणि बौद्ध गटांच्या वर्षानुवर्षांच्या चर्चा होत्या.

मुंबईकराला हे समजावून सांगावे लागत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनाही याच तत्त्वावर उभी आहे. बिल्डरला विक्रीसाठी जादा बांधकाम द्यायचे आणि त्या नफ्यातून झोपडीवासीयाला फुकट घर. सुरुवातीला २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. मुलुंड-भांडुपच्या डोंगरउतारावरच्या लोकांना तर पात्र-अपात्राचे कागद तोंडपाठ असतात. पण त्या योजनेत निदान कायदा आहे, पात्रतेची तारीख आहे, दाद मागायला अधिकारी आहे आणि शेवटी कागदावर रहिवाशाचे नाव येते. फुकट ई-मेलच्या वसाहतीत यातले काहीच नाही. अटी वाचून ‘मान्य’ असे बटण आपण दाबलेले असते, बहुधा न वाचता.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले आणि शेपटीची जाहिरात जुनाट ठरली. हॉटमेल दोन आणि याहू चार मेगाबाइट देत असताना गूगलने एक हजार मेगाबाइट दिले. या उदारपणाचे कारण सौद्यातच होते. यंत्र पत्रातील शब्द वाचणार आणि त्या शब्दांना जुळणारी जाहिरात शेजारी लावणार. म्हणजे जाहिरातदाराला आता हजार अनोळखी डोळे घ्यावे लागत नव्हते. ज्याने पत्रात प्रवासाचे लिहिले त्यालाच तिकिटाची जाहिरात. अशा डोळ्याचा दर चढा. पत्राच्या शेपटीला काही चिकटत नव्हते. उलट पत्रातूनच काहीतरी काढून घेतले जात होते. अनेक देशांतील नागरी हक्क संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती. ज्याने जीमेलच्या अटी मान्य केलेल्या नाहीत, ज्याने केवळ जीमेलवाल्या मित्राला पत्र लिहिले, त्याचेही पत्र वाचले जाते, हा त्यातला सर्वांत बिनतोड मुद्दा. २०१७ साली गूगलने जाहिरातीसाठी पत्रे वाचणे थांबवत असल्याचे जाहीर केले. तोपर्यंत माणसाच्या शोधांवरून आणि त्याने पाहिलेल्या चित्रफितींवरून त्याची पारख करता येऊ लागली होती, त्यामुळे पत्रांची गरज फारशी उरली नव्हती.

महाविद्यालयांतील प्राध्यापकांना आणखी एक अनुभव आला आहे. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण फुकट दिली, संस्थांनी आपले सारे दफ्तर तेथे हलवले, आणि २०२१ साली कंपनीने ही सवलत संपवून संस्थेगणिक मर्यादा जाहीर केली. छायाचित्रांची फुकट साठवणही त्याच वर्षीच्या १ जूनला संपली. आणि रेडिफ? २०१६ साली ती नॅसडॅकवरून बाहेर पडली. २०२४ साली गुजरातमधल्या इन्फिबीम कंपनीने तिचे निम्म्याहून अधिक समभाग सुमारे २५ कोटी रुपयांना घेण्याचा व्यवहार केला. ज्यांचे पत्ते रेडिफमेलवर आहेत त्यांना या खरेदीविक्रीत मत नव्हते.

मग करायचे काय? फुकट पेटी सोडा, असे सांगणे व्यवहाराला धरून होणार नाही. मीही सोडलेली नाही. परंतु संस्थांनी आणि नियतकालिकांनी निदान पत्ता तरी स्वतःच्या मालकीचा घ्यावा. स्वतःच्या नावाचे डोमेन वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळते. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हा पर्यायही आहे. पाचपन्नास वर्गणीदारांच्या बळावर अंक काढण्याची सवय असलेल्या मंडळींना ही रक्कम जड नाही. पत्ता आपला असला की मागची पेटी बदलता येते. आज ही कंपनी, उद्या ती; लोकांच्या हातातला पत्ता तोच राहतो. ज्या मुक्कामाला हजारो लोक पत्रे पाठवतात त्याचे नाव परक्या कंपनीच्या नावाने संपावे, हे मला तरी खटकते.

दुसरे काम घरोघरचे आहे. डिसेंबर २०२३ पासून गूगल दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकू लागले आहे. आपले अनेक ज्येष्ठ लेखक आणि कार्यकर्ते गेल्या काही वर्षांत गेले. त्यांच्या पेट्यांचे शब्दसंकेत त्यांच्याबरोबर गेले असतील, तर त्यांतील पत्रव्यवहारही पाठोपाठ जाणार. गूगलच्या खात्यात ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. तिच्यातून सर्व पत्रे एका फाईलीत उतरवून घेता येतात. ‘निष्क्रिय खाते’ या सदराखाली आपल्यानंतर खात्यातील मजकूर कोणाला मिळावा त्याचे नावही लिहून ठेवता येते. ज्यांच्या घरी वडीलधारे लेखक आहेत त्या मुलांनी एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बसून ही दोन कामे उरकावीत, उतरवलेली फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि महत्त्वाची पत्रे कागदावर छापून घ्यावीत.